टेन-पिन बोलिंग : चेंडू हातातून सुटतो तो क्षण

'बोलिंग' हा शब्द उच्चारला की भारतात बहुतेकांच्या डोळ्यांपुढे क्रिकेटचे मैदान उभे राहते. टेन-पिन बोलिंग हा मात्र त्याहून सर्वस्वी भिन्न, बंदिस्त सभागृहातील गुळगुळीत पट्टीवर खेळला जाणारा खेळ आहे. मुंबई, पुणे, बंगळुरू, दिल्ली यांसारख्या शहरांतील मॉलमध्ये या खेळाच्या लेन दिसू लागल्या आणि सुटीच्या दिवशी कुटुंबासह तेथे जाणाऱ्यांची संख्याही वाढली. पहिल्या दोन-चार भेटींतील गंमत ओसरली की या हौशी खेळाडूंना एकच कोडे पडते. अंगातील सारे बळ लावूनही चेंडू कडेच्या गटरमध्ये का जातो? आणि नेम अचूक साधून तो अगदी पुढच्या पिनेच्या मध्यावर आदळला, तरी दोन-तीन पिना दोन्ही बाजूंना दूरदूर उभ्या का राहतात?

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बळात नाही. चेंडू हाताबाहेर पडतो त्या अर्ध्या क्षणात ते दडलेले आहे. या क्रियेला खेळाच्या परिभाषेत 'रिलीज' म्हणतात. पावले, झोका आणि नेम हे तिन्ही बिनचूक असले तरी रिलीज बिघडला तर सारे व्यर्थ जाते. उलटपक्षी चांगल्या रिलीजमुळे नेमातील लहानसहान चुका झाकल्या जातात.

साठ फुटांचे गणित

फाऊल लाइनपासून पहिल्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर ६० फूट, म्हणजे सुमारे १८.२९ मीटर असते. लेनची रुंदी जेमतेम साडेतीन फूट. ही रुंदी ३९ अरुंद पट्ट्यांत विभागलेली असते आणि खेळाडू आपला नेम या पट्ट्यांच्या भाषेतच मोजतात. फाऊल लाइनच्या पुढे साधारण पंधरा फुटांवर लेनवर सात बाण कोरलेले असतात. अनुभवी खेळाडू पिनांकडे पाहत नाहीत, या बाणांकडे पाहतात. साठ फुटांवरील लक्ष्यापेक्षा पंधरा फुटांवरील लक्ष्य साधणे केव्हाही सोपे.

चेंडूचे वजन जास्तीत जास्त १६ पौंड, म्हणजे ७.२६ किलो असू शकते. क्रिकेटच्या चेंडूच्या तुलनेत हे वजन सुमारे ४५ पट आहे. पिनेची उंची १५ इंच आणि वजन दीड किलोच्या आसपास. अशा दहा पिना त्रिकोणात, एकमेकींपासून १२ इंचांवर उभ्या असतात.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू पहिल्या व तिसऱ्या पिनेच्या मधल्या फटीत शिरला पाहिजे. या फटीला 'पॉकेट' म्हणतात. डावखुऱ्यासाठी हीच जागा पहिल्या व दुसऱ्या पिनेच्या मध्ये असते. आदर्श स्ट्राइकमध्ये चेंडू दहापैकी केवळ चार पिनांना स्पर्श करतो, पहिली, तिसरी, पाचवी आणि नववी. उरलेल्या सहा पिना एकमेकींना पाडतात. पहिली पिन दुसरीला, दुसरी चौथीला, चौथी सातवीला लोळवते. तिसरी सहावीला आणि सहावी दहावीला पाडते. पाचवी पिन आठवीचा निकाल लावते. ही साखळी पूर्ण व्हायची तर चेंडूने पॉकेटमध्ये तिरक्या मार्गाने शिरणे आवश्यक असते. हा कोन सुमारे सहा अंशांचा असावा, असे सर्वसाधारण मत आहे. सरळ सोडलेला चेंडू लेनच्या अगदी कडेवरून आला तरी त्याला दीड-दोन अंशांपलीकडे कोन मिळत नाही. पिनांना धडकताच तो बाजूला ढकलला जातो, पाचव्या पिनेपर्यंत पोहोचतच नाही, आणि साखळी तुटते. पुढच्या पिनेच्या मधोमध बसलेल्या जोरदार चेंडूनंतर दोन्ही कडांना पिना उभ्या राहतात, त्याचेही कारण हेच.

सहा अंशांचा हा कोन मिळवायचा तर चेंडूला वाटेत वळावे लागते. या वळणाला 'हूक' म्हणतात आणि त्याचे बीज रिलीजमध्ये पेरले जाते.

तेल आणि फिरकी

लेन कोरडी दिसली तरी तिच्यावर तेलाचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. सामान्यतः पहिल्या चाळीस फुटांच्या आसपासपर्यंत हे तेल असते, पुढचा भाग कोरडा. हातातून सुटलेला चेंडू प्रथम तेलावरून घसरतो, मग कोरड्या भागाची पकड मिळताच वळतो आणि अखेरीस निखळ गडगडत पिनांपर्यंत जातो. क्रिकेटमधील फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेत फिरत असतो, पण त्याची फिरकी जाणवते ती खेळपट्टीवर टप्पा पडल्यावर. येथे तेल संपते ती जागा म्हणजेच टप्पा असे समजण्यास हरकत नाही. चेंडू जमिनीवरून सरपटत टाकण्याच्या कृत्याबद्दल १९८१ साली मेलबर्न येथे ट्रेव्हर चॅपेल यांच्यावर क्रिकेटजगताने टीकेचा भडिमार केला होता. टेन-पिनमध्ये मात्र सारी कला त्या सरपटण्यातच आहे.

थोडे गणित केले तर ही बाब अधिक स्पष्ट होते. चेंडूचा व्यास सुमारे साडेआठ इंच असल्याने त्याचा परीघ ६८ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. सुरुवातीपासूनच न घसरता गडगडत जायचे, तर साठ फुटांत चेंडूला सुमारे २७ फेरे घ्यावे लागतील. ताशी २९ किलोमीटर वेगाने सोडलेला चेंडू हे अंतर साधारण सव्वादोन सेकंदांत कापतो. तेवढ्या वेळात २७ फेरे व्हायचे तर मिनिटाला सातशेच्या आसपास फेऱ्यांची गती हवी. हौशी खेळाडूच्या हातून सुटणाऱ्या चेंडूची गती बहुधा दीडशे ते अडीचशे फेऱ्यांची असते, व्यावसायिकांची साडेतीनशे ते साडेचारशेच्या घरात. वेग आणि फेरे यांतील ही तफावत म्हणजेच घसरण. फेरे वाढले वा वेग किंचित कमी झाला की चेंडू लवकर पकड घेतो. जोर वाढवून फेरे तेवढेच राहिले तर तो वळण्यापूर्वीच पिनांवर जाऊन आदळतो. अधिक ताकद लावणाऱ्याचा चेंडू कमी वळतो, हे नवख्यांना पटण्यास कठीण जाणारे सत्य या हिशेबातून उलगडते.

फेऱ्यांच्या संख्येइतकीच त्यांची दिशाही महत्त्वाची. चेंडू नुसताच पुढच्या दिशेने फिरत सुटला तर तो सरळ जातो. फिरण्याचा आस थोडा तिरका असेल, म्हणजे चेंडू पुढे फिरता फिरता कडेलाही फिरत असेल, तर कोरड्या भागात त्याला वळण मिळते. आस जवळजवळ उभा करून चेंडू भोवऱ्यासारखा फिरवणे दिसायला नेत्रदीपक असते, परंतु असा चेंडू लेनला पकडत नाही आणि पिनांवर त्याचा मारा दुबळा पडतो.

आधी अंगठा, मग बोटे

चांगल्या रिलीजचा पाया एका वाक्यात सांगता येतो. अंगठा आधी बाहेर पडावा आणि मधले बोट व अनामिका त्यानंतर. अंगठा सुटल्यावर चेंडूचे सारे वजन क्षणभर त्या दोन बोटांवर येते आणि त्याच क्षणी बोटे चेंडूला फिरकी देतात. अंगठा व बोटे एकदमच बाहेर पडली तर फिरकी द्यायला कोणी उरतच नाही. बोटे आधी सुटून अंगठा मागे राहिला तर चेंडू उचलला जाऊन हवेतून पुढे फेकला जातो आणि लेनवर धप्पकन आदळतो. मॉलमधील लेनवर वारंवार कानी पडणारा आवाज तो हाच.

अंगठा वेळेवर न सुटण्याचे मूळ बहुतेक वेळा पकडीत सापडते. लेनवर ठेवलेले सार्वजनिक चेंडू कोणत्याही हाताला चालावेत अशा रीतीने छिद्र पाडलेले असतात. म्हणजेच ते कोणाच्याच हाताला नीट बसत नाहीत. अंगठ्याचे छिद्र सैल असले की खेळाडू नकळत अंगठा वाकवून चेंडू आवळतो. आवळलेला अंगठा अडकतो, मनगट ताठ होते, झोका वाकडा होतो. छिद्र घट्ट असले तरी परिणाम तोच. म्हणून चेंडू निवडताना वजनाइतकेच अंगठ्याच्या छिद्राकडे लक्ष द्यावे. अंगठा पूर्ण आत जावा, आत फिरवताना त्वचेला हलका स्पर्श जाणवावा आणि बाहेर काढताना ओढ लागू नये. नियमित खेळणारे खेळाडू स्वतःच्या हाताच्या मापाने छिद्रे पाडून घेतात. दिवसभरात अंगठा कमीअधिक सुजतो, त्यामुळे छिद्रात चिकटपट्टीचे तुकडे लावून अथवा काढून माप जुळवण्याची पद्धत व्यावसायिक खेळाडूही पाळतात.

मधले बोट व अनामिका दुसऱ्या पेरापर्यंत आत जातात ती पकड पारंपरिक होय. नवख्यांसाठी ती सुरक्षित. बोटे केवळ पहिल्या पेरापर्यंत आत ठेवण्याच्या पकडीत अंगठा व बोटे यांच्यातील अंतर वाढते, अंगठा आधी सुटतो आणि फिरकी अधिक मिळते. हूक शिकू इच्छिणाऱ्याने कधीतरी या पकडीकडे वळावे लागते. मात्र सार्वजनिक चेंडूवर तिचा प्रयोग करणे टाळावे. त्या चेंडूंची छिद्रे पारंपरिक पकडीच्या अंतराने पाडलेली असतात.

चुकीच्या पकडीची किंमत केवळ गुणांत मोजली जात नाही. अंगठ्याच्या आतील बाजूने जाणाऱ्या नसेवर छिद्राच्या कडेचा दाब वर्षानुवर्षे पडत राहिला की ती जाड होते, अंगठ्यात मुंग्या येतात, बधिरता जाणवते. वैद्यकशास्त्रात या विकाराला या खेळावरूनच 'बोलर्स थंब' असे नाव मिळाले आहे. अंगठ्याला मुंग्या येत असतील तर खेळ थांबवून छिद्राची कड व माप तपासून घेणे आणि त्रास कायम राहिल्यास वैद्यकीय सल्ला घेणे इष्ट ठरते.

झोका : जोर नको, लय हवी

रिलीज हा शेवटचा क्षण असला तरी त्याची तयारी चार किंवा पाच पावले आधीच सुरू होते. खांद्यापासून लोंबणारा हात हा घड्याळाच्या लंबकासारखा असावा. चेंडू पुढे ढकलला की त्याचे वजनच त्याला खाली, मागे आणि पुन्हा पुढे आणते. खेळाडूचे काम त्या झोक्याला अडथळा न करण्याचे. मागे गेलेला चेंडू खांद्याच्या बळाने पुढे ओढण्याचा मोह बहुतेकांना होतो आणि तेथेच हात शरीरापासून दूर जातो किंवा शरीरामागे आडवा येतो. सात किलोंपर्यंतची वस्तू ओढण्यापेक्षा तिला पडू देणे शहाणपणाचे. वेग हवाच असेल तर झोका थोडा उंचावरून सुरू करावा वा पावले किंचित जलद टाकावीत.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचे अखेरचे पाऊल डावे असते आणि ते पुढे घसरत थांबते. भाड्याने मिळणाऱ्या विशेष बुटांचा तळ गुळगुळीत असतो तो यासाठीच. गुडघा वाकलेला, कंबर खाली, खांदे लक्ष्याकडे वळलेले अशा स्थितीत हा पाय स्थिर होतो आणि चेंडू झोक्याच्या सर्वांत खालच्या बिंदूजवळ, पुढच्या पायाच्या घोट्याशेजारून जात असतानाच अंगठा सुटतो. चेंडू फाऊल लाइनच्या थोडा पलीकडे, धावपट्टीवर विमान उतरावे तसा, अलगद टेकला पाहिजे. पाय थांबण्यापूर्वीच हात पुढे आला तर चेंडूवर बोटांचा ताबा राहत नाही. पाय थांबून बराच वेळ झाल्यावर हात आला तर खेळाडू केवळ दंडाच्या ताकदीवर चेंडू ढकलतो. अनेक महिने मनगटाचा सराव करूनही प्रगती न होणाऱ्यांचा दोष बहुधा येथे, पायांच्या वेळेत असतो.

घड्याळाचे काटे

हाताची दिशा समजावताना प्रशिक्षक घड्याळाच्या तबकडीची उपमा देतात. खेळाडूच्या मागे उभे राहून चेंडूकडे पाहिले असता अंगठा १२ वर आणि बोटे ६ वर आहेत, असे मानावे. हात असाच ठेवून चेंडू सोडला तर तो सरळ जातो. हूकसाठी उजव्या हाताच्या खेळाडूने चेंडू घोट्याजवळ येईपर्यंत तळवा चेंडूच्या मागे व खाली ठेवावा आणि अंगठा सुटताना बोटे ६ वरून ५ किंवा ४ कडे न्यावीत. अंगठा तेव्हा १० च्या दिशेला वळलेला असतो. हात पुढे जाऊन थांबतो, तेव्हा समोरच्याशी हस्तांदोलन करण्यासाठी तो पुढे केला आहे असे दिसले पाहिजे. डावखुऱ्यासाठी हेच चित्र आरशातील समजावे. बोटे ६ वरून ८ कडे जातात.

सर्वाधिक घडणारी चूक म्हणजे घाई. चेंडू मागून पुढे येतानाच मनगट वळू लागते, रिलीजच्या वेळी बोटे ३ किंवा २ वर पोहोचतात आणि हात चेंडूच्या वर जातो. अंगठा जमिनीकडे वळतो. खेळाडूला वाटते की आपण जोरदार फिरकी दिली. प्रत्यक्षात चेंडू भोवऱ्यासारखा गिरक्या घेत तेलावरून निघून जातो. हूक म्हणजे मनगट पिळणे हा गैरसमज या चुकीच्या मुळाशी आहे. वळणे फारच थोडे असते, आणि ते जितके उशिरा तितके परिणामकारक.

मनगटाची ठेवण तीन प्रकारची असू शकते. ते पेल्यासारखे आत वाकलेले असेल तर बोटे चेंडूखाली अधिक काळ राहतात आणि फेरे वाढतात, मात्र त्यासाठी बळकट मनगट लागते. सरळ मनगट बहुतेकांना पेलते. मागे वाकलेल्या मनगटाने चेंडू सरळ व कमी फिरकीने जातो. नवख्याने सरळ मनगटापासून आरंभ करावा. आधारपट्टा वापरण्यात गैर काही नाही; फक्त वजन झेपत नाही म्हणून पट्टा वापरण्याऐवजी एक-दोन पौंड हलका चेंडू घेणे अधिक योग्य.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. लेनवरील सार्वजनिक चेंडू बहुधा साध्या प्लास्टिकच्या कवचाचे असतात. ते लेनला फारशी पकड घेत नाहीत. १९८० च्या दशकात आलेले युरेथेन आणि १९९० च्या दशकात आलेले रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन यांच्या कवचांनी हूकचे चित्रच पालटले. त्यामुळे सार्वजनिक चेंडू वळला नाही म्हणून आपला रिलीज चुकला, असा निष्कर्ष काढू नये. रिलीज पारखण्याचे साधन चेंडूवरच असते. परत आलेल्या चेंडूवर तेलाचे गोल कडे उमटलेले दिसते. हे कडे अंगठा व बोटांच्या छिद्रांच्या शेजारून जात असेल तर हात योग्य जागी होता. ते छिद्रांपासून फार दूर आणि लहान वर्तुळाचे असेल तर हात चेंडूच्या वर गेला, असे समजावे.

सराव

रिलीजचा सराव पूर्ण धावेसह केला तर लक्ष पावलांकडे जाते. म्हणून फाऊल लाइनजवळ एक गुडघा टेकवून, हलका चेंडू हातात घेऊन केवळ झोका द्यावा आणि अंगठा आधी, बोटे नंतर एवढेच अनुभवावे. उजव्या हाताच्या खेळाडूने उजवा गुडघा टेकवावा. पिना किती पडल्या याकडे पाहूच नये. त्यानंतर उभ्याने, घसरणीच्या स्थितीत, एकही पाऊल न टाकता हाच सराव करावा. मग एका पावलासह. घरी फुटबॉल तळहातावर तोलून, झोका देत, बोटांनी फिरकी देऊन भिंतीकडे सरपटत सोडता येतो. शेजारच्यांची झोपमोड होत नाही आणि बोटांना सवय लागते. मोबाइलवर मागून व बाजूने टिपलेले चित्रण संथ गतीने पाहिले तर अंगठा घोट्याजवळ सुटतो की पुढे, हे लगेच कळते.

गुणांच्या हिशेबात हे सारे श्रम वाया जात नाहीत. प्रत्येक फ्रेममध्ये पहिल्या चेंडूवर नऊ पिना पाडून उरलेली एक पाडणाऱ्या खेळाडूचे १९० गुण होतात. सलग बारा स्ट्राइक साधणाऱ्याचे ३००. पहिल्या चेंडूवर दरवेळी उभी राहिलेली ती एक पिन या दोघांमध्ये ११० गुणांचे अंतर पाडते.

अंगठ्याविना

गेल्या दोन दशकांत रिलीजच्या शास्त्राला मोठा धक्का बसला तो दोन हातांनी खेळणाऱ्यांमुळे. फिनलंडचे ओस्कु पालेरमा आणि ऑस्ट्रेलियाचे जेसन बेलमॉन्टे यांनी ही शैली जगापुढे आणली. बेलमॉन्टे यांच्या आईवडिलांचे न्यू साउथ वेल्समधील ऑरेंज या गावी बोलिंग केंद्र होते. चेंडू एका हाताने उचलता येत नव्हता त्या वयात त्यांनी दोन हातांनी खेळणे सुरू केले आणि पुढे ते सोडलेच नाही. अंगठा छिद्रात घालायचाच नसल्याने तो अडकण्याचा प्रश्न उरत नाही. दुसरा हात चेंडूला शेवटपर्यंत आधार देतो, बोटे चेंडूखाली राहतात आणि मिनिटाला पाचशेहून अधिक फेरे मिळू शकतात. आरंभी या शैलीला 'फसवणूक' म्हणणारेही होते. अमेरिकेच्या व्यावसायिक मालिकेत बेलमॉन्टे यांनी विक्रमी १५ प्रमुख विजेतेपदे पटकावल्यावर तो आवाज क्षीण झाला. अमेरिकेतील नियामक संस्थेने १ ऑगस्ट २०२० पासून चेंडूवरील प्रत्येक छिद्र प्रत्यक्ष पकडीसाठी वापरलेच पाहिजे, असा नियम लागू केला. त्यामुळे अंगठा न वापरणाऱ्यांना अंगठ्याचे रिकामे छिद्र ठेवता येत नाही.

मुलांसाठी ही शैली सोयीची दिसते. परंतु तिला कमरेचा व पाठीचा लवचीकपणा लागतो. चाळिशीनंतर प्रथमच बोलिंगकडे वळणाऱ्याने तिच्या मागे लागावे का, हे ठरवण्यापूर्वी पाठीचा सल्ला घ्यावा हे बरे.

बँकॉक येथील १९७८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत या खेळाचा प्रथम समावेश झाला. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये तो प्रात्यक्षिक खेळ होता आणि १९९८ च्या क्वालालंपूर राष्ट्रकुल स्पर्धेतही खेळला गेला. भारतातील खेळाडूंपुढील अडचण मात्र वेगळी आहे. मॉलमधील लेन मनोरंजनासाठी असतात. स्पर्धेत तेलाचे प्रमाण व लांबी ठरवून दिलेली असते आणि त्यानुसार रिलीज बदलावा लागतो. लांब तेलावर बोटे चेंडूमागे ठेवून तो लवकर गडगडवावा लागतो, आखूड तेलावर वळण आवरावे लागते. एकाच प्रकारच्या लेनवर सराव करणाऱ्याला हा बदल स्पर्धेच्या दिवशीच शिकावा लागतो.

हूक हाती आल्यावर अनेकजण स्पेअरसाठीही तोच वापरतात आणि दहावी पिन चुकवतात. उजव्या कडेवर एकटी उभी असलेली ही पिन उजव्या हाताच्या खेळाडूची जुनी डोकेदुखी आहे. चेंडू वळला की तो तिच्यापासून दूर जातो. तिच्यासाठी लेनच्या डाव्या बाजूला उभे राहून, मनगट सरळ ठेवून, अंगठा १२ वर आणि तळवा शेवटपर्यंत वर अशा स्थितीत चेंडू तिरका पण सरळ सोडावा. या एका फटक्यासाठी सार्वजनिक रॅकवरील साधा प्लास्टिकचा चेंडूच अधिक उपयोगी पडतो, आणि स्वतःचे महागडे चेंडू बाळगणारे खेळाडूही दहाव्या पिनेसाठी पिशवीत तसाच एक ठेवतात.